केरबा पुस्तकं लावतो

एका गावात एक भोळा होता. तसे कोल्हापूरकडच्या त्या गावात भोळे पुष्कळ होते, पण बाकीचे वेळ बघून भोळे व्हायचे. केरबा बारा महिने भोळा. त्याला एकदा सांगितलं की ती दगडावरची रेघ. अमुक गोष्ट कशाला सांगितली, कुठं लागू करायची आणि कुठं नाही, एवढं मात्र त्याला कधी विचारायचं नाही.

केरबाचं लग्न जमत नव्हतं. जवळपासच्या गावांनी त्याला ओळखून टाकलं होतं. म्हणून त्याच्या गुंडूमामांनी लांबचं स्थळ काढलं. पार यवतमाळच्या पलीकडं. तिथं केरबाची कीर्ती पोचलेली नव्हती. मुलीचे वडील मारोतराव शब्दाचे पक्के होते. उद्या दिवस मावळायच्या आत आलात तर मुलगी दाखवतो, परवा दुसरं स्थळ येतंय, असं त्यांनी कळवलं होतं.

जीप मामांची होती आणि चालवणारेही मामाच. पण मामांची एक खोड होती. स्टिअरिंग हातात आलं की त्यांना झोप यायची. शेजारी कुणी बोलत राहिलं तर जागे राहायचे. हौसामामी बोलण्यात पटाईत, पण जीप हलली की त्या मामांच्याही आधी झोपायच्या. गाण्यांनी मामांना आणखीच गाढ झोप लागे. तेव्हा फोनवर ऐकायची पुस्तकं मिळतात ती लावायची असं ठरलं. कुणीतरी वाचून दाखवतं, आपण ऐकत बसायचं. पुस्तकं निवडायचं काम केरबाकडं आलं.

"लांबचा रस्ता हाय," मामा म्हणाले. "चांगलं लांबलचक पुस्तक बघून लाव."

केरबानं मान डोलावली. त्यानं लांबी बघितली आणि सगळ्यांत लांब पुस्तक लावलं.

एक बाई संथ आवाजात वाचू लागल्या. "अंक. अंकगणित. अंकुर. अंकुश."

"गोष्ट कवा सुरू व्हायची रं?" मामांनी विचारलं.

"होईल की. अजून अ चाललाय."

तो शब्दकोश होता. 'अंगठा' आला तेव्हा मामांची मान लवली. 'अंगण' आलं आणि सांगोल्याच्या पुढं जीप रस्ता सोडून डाळिंबांच्या ढिगात शिरली. डाळिंबवाल्यानं असे काही शब्द वापरले की ते त्या कोशातसुद्धा नसतील.

मामांनी कपाळाला हात लावला. "लेका, लांबी बघून पुस्तक घेत्यात व्हय? आधी चार वाक्यं ऐकायची. बोलणाऱ्याचा आवाज खणखणीत असला तरच घ्यायचं. आवाज पडका असला, की सोडून पुढं जायचं. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला. आणि खरंच, त्याला कळलं असं त्याला वाटत होतं.

थोडं पुढं पंप लागला. मामा-मामी चहा प्यायला उतरले. केरबाला सांगितलं, डिझेल घे. पंपावरच्या माणसाला सर्दी झाली होती. घसा पार बसलेला.

"किती टाकू?" तो कसाबसा म्हणाला.

"आधी चार वाक्यं बोला," केरबा म्हणाला.

"अहो, किती टाकू? मागं गाड्या उभ्या आहेत. टाकायचं का नाही? सांगा की लवकर."

केरबानं मन लावून ऐकलं. माणूस चांगला होता, पण आवाज पडका. केरबाला वाईट वाटलं. "राहू द्या," तो म्हणाला. "आम्ही पुढं बघतो."

मामांनी येऊन विचारलं, "झालं का काम?" केरबा म्हणाला, "झालं." जीपमधला डिझेलचा काटा कधीचाच मेलेला होता, त्यामुळे त्याची साक्ष निघाली नाही. भर उन्हात, जिथं बाभळीशिवाय काही नाही अशा ठिकाणी जीपनं दम सोडला. मामा कॅन घेऊन चालत गेले आणि संध्याकाळी परत आले. तेव्हा त्यांचा स्वतःचाच आवाज पडला होता.

"डिझेलचा आवाज बघतोस?" ते म्हणाले. "अरं, रस्त्यावर मिळंल तिथं भरून घ्यायचं! काठोकाठ! आता बसंना म्हणंस्तोवर! पुढं मिळंल न मिळंल."

केरबानं मान डोलावली.

रात्री तुळजापूरला मुक्काम झाला. मामींनी देवीपुढं नारळ ठेवला आणि म्हणाल्या, "आई, एवढं माझ्या भाच्याचं होऊ दे." मामींचा केरबावर जीव होता. सगळा गाव हसायचा तेव्हा त्यांना रडू यायचं.

सकाळी निघताना मामांनी आपला फोन केरबाच्या हातात दिला. "पुढं रेंज नसती. आत्ताच एखादं पुस्तक उतरवून घे. खुनाबिनाचं घे, झोप येत न्हाई."

केरबानं खुनाचं एक घेतलं. मग त्याला भरून घ्यायचं आठवलं. त्यानं आणखी घेतली. शेतीची घेतली, बाळंतपणाची घेतली, गुडघेदुखीची घेतली. फोननं कळवलं, जागा संपली. केरबानं जागा केली. आधी मामांचे फोटो काढून टाकले. मग पाहुण्यांचे नंबर. मग रस्ता दाखवणारा नकाशा. वाट काय, माणसांना विचारता येते. शेवटी फोन इतका गच्च भरला की बोट लावलं तरी हलेना. खुनाचं पुस्तक तेवढं चालू झालं ते झालं, बंद करायचीही सोय राहिली नाही.

नांदेडच्या अलीकडं मामांनी नकाशा बघायला फोन मागितला. मग जीप बाजूला घेतली आणि दोन्ही हात जोडले.

"केरबा, बाळा, मी आता वरडत न्हाई. माझ्यात ताकद न्हाई. नीट ध्यानात धर. एका वेळी एकच घ्यायचं. ते पार शेवटापतुर न्यायचं, अर्धवट सोडायचं न्हाई. ते संपलं, की मग दुसरं. तवर दुसऱ्याला हात लावायचा न्हाई."

"एकच घ्यायचं. ते संपलं, की दुसरं," केरबा म्हणाला.

"शाब्बास."

खुनाचं पुस्तक मात्र रंगलं. मामांचे डोळे टक्क उघडे. मामीसुद्धा जाग्या झाल्या. एका सावकाराला कुणीतरी दुधातून विष दिलं होतं, आणि घरातल्या प्रत्येकाचा त्याच्यावर राग होता.

"कुणी मारलं असंल वो?" मामी म्हणाल्या.

"दिवाणजीनं," केरबा म्हणाला. "मी सकाळी शेवट ऐकून ठेवलाय."

पुस्तकातले लोक बिचारे अजून शोधतच होते. मामांना दुसऱ्या मिनिटाला जांभई आली.

"अरं अक्कलशून्या," मामा म्हणाले, "शेवट ठाऊक असला तरी पुढच्याला सांगत न्हाईत! मजा जाती त्याची. कुणी कितीबी विचारू दे, गप बसायचं!"

केरबा गप बसला.

दुपार कलली. नकाशा नसल्यानं मामा एका फाट्यावर गोंधळले. लांब शेतात एक मेंढपाळ दिसला. "जा, विचारून ये," मामा म्हणाले. केरबा धावत गेला. मेंढपाळानं सांगितलं, डावीकडचा रस्ता धरणाच्या पाण्यात जाऊन संपतो, उजवीकडून जा. केरबा धावत परत आला. तोवर मामा डावीकडं वळलेही होते.

"काय म्हणाला? ह्यो रस्ता कुठं निघतो?"

केरबा गालातल्या गालात हसला. "सगळं सांगितलंय त्यानं. पण मी सांगणार नाही. मजा जाते."

हा हसतोय म्हणजे रस्ता बरोबर असणार, असं मामांनी धरलं. झोप यायच्या आत पोचायचं म्हणून त्यांनी जीप दामटली. केरबा पुढं बघत उत्सुकतेनं बसला होता. चढ संपला, उतार लागला, आणि जीपची पुढची दोन्ही चाकं पाण्यात उभी राहिली. समोर नजर पोचेल तिथवर धरण.

"ह्योच शेवट," केरबा म्हणाला. "आता सांगायला हरकत नाही."

मामा खाली उतरले आणि गुडघाभर पाण्यातच बसले. बोलल्या त्या मामी. "बाळा, अरं तुझ्याच लग्नासाठी चाललोय रं आपण. इथनं पुढं काय व्हनार ते तुला ठाऊक असंल ना, तर आधी सांगून टाकायचं. कुणी विचारू दे न विचारू दे. समोरचा फसाय नको. आईची शपथ हाय तुला."

केरबाचे डोळे भरून आले. मामींना त्रास झालेला त्याला आवडायचा नाही. "सांगीन, मामी," तो म्हणाला. "आधीच सांगीन."

सूर्य टेकायला आला तेव्हा जीप मारोतरावांच्या दारात लागली. आणि काय सांगावं, तिथं सगळं सुरळीत सुरू झालं. केरबानं पाय धुतले. पोहे खाल्ले. कुणी बोलल्याशिवाय बोलला नाही. मुलगी, रोशनी, समोर पाटावर येऊन बसली. मारोतराव म्हणाले, "विचारा जी, पोरीले काय विचारायचं ते."

केरबानं विचार केला. "चार वाक्यं बोला," तो म्हणाला.

रोशनीनं मान वर केली. तिला आजवर स्वयंपाक विचारला होता, उंची विचारली होती, सुईत दोरा ओवायला लावला होता. बोल असं कुणी म्हटलं नव्हतं. "मी शिवणाचा क्लास चालवते," ती म्हणाली. "लग्नानंतरही चालवणार. स्वयंपाक येतो, पण रोज दोन्ही वेळा करायचा मला कंटाळा येतो. आणि मला खोटं बोललेलं चालत नाही."

"आवाज खणखणीत आहे," केरबा म्हणाला. "पसंत."

घर हसलं. रोशनीही हसली, आणि तिनं वडिलांकडं बघून हळूच मान हलवली. मारोतराव मामांच्या गळ्यात पडले. "इतके पोट्टे आले, पाव्हणे, पन कोनी माह्या पोरीले तोंड उघडू देल्लं नाही. हा म्हन्ते, बोल! असा जावाई भेटत नाही जी!" मामांना दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. मामींनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात साखरेची वाटी घेऊन एक मुलगी आली.

"ही धाकटी पायल," मारोतराव म्हणाले. "आता थोरलीचं जमलं, की हिच्यासाठी पाहायले लागू."

केरबानं हातावरची साखर तशीच धरली. त्याला मामींचा चेहरा आठवला, ती शपथ आठवली. समोरचा माणूस फसायला नको. तो उठून उभा राहिला.

"पुढं काय होणार ते आधीच सांगून टाकतो," तो म्हणाला. "पायलसाठी तुम्ही कुठं बघू नका. माझं एका वेळी एकच असतं. आत्ता थोरली नेतो. ही संपली, की लगेच धाकटी."

मारोतरावांच्या हातातला पेढा तसाच राहिला. माणूस काळजीत पडलाय हे केरबाच्या लक्षात आलं. त्यानं पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका," तो मायेनं म्हणाला. "अर्धवट सोडायचो नाही. पार शेवटापर्यंत नेणार."

अंगणात जीप चालू होईना, तेव्हा धक्का द्यायला मारोतराव, त्यांचे चारही भाऊ आणि निम्मं गाव धावून आलं. वेशीच्या बाहेरपर्यंत त्यांनी जीप ढकलत नेली. इतक्या आपुलकीनं आपल्याला आजवर कुणी पोचवायला आलं नव्हतं, असं केरबा अजूनही सांगतो.