कॅलरी कुणी जाळल्या?

आमच्या सोलापुरातल्या सोसायटीला व्यायामखोलीसाठी एकच यंत्र घ्यायचं होतं. ट्रेडमिल की सायकल, एवढा साधा प्रश्न! पण मीटिंगांवर मीटिंगा झाल्या आणि प्रत्येक मीटिंगला एकटे चेअरमन हिरेमठच बोलले. शेवटी वैतागून आम्ही सगळे दुकानातच गेलो.

तिथे साहेब ट्रेडमिलवर चढले. सगळा भार हातांनी दांड्यांवर टाकलेला, पाय पट्ट्यावर नुसते घसटत होते. तोंड मात्र जोरात चालू. "पडद्यावरचा आकडा बघा! कॅलरी कशा भराभर जळतायत! सायकल जाळेल का एवढ्या? द्या उत्तर!"

आम्ही कपाळाला हात लावला. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि यंत्र तसंच चालू ठेवून ते खाली उतरले. दुकानदार ते बंद करायला धावला, पण दुसऱ्या मजल्यावरच्या मंदाताई कुलथे यांनी त्याला अडवलं. "राहू द्या हो, चालू द्या."

फोनवरही साहेब भरपूर बोलले. परत आले तोवर आकडा दुप्पट झाला होता.

"साहेब," मंदाताई म्हणाल्या, "निम्म्या कॅलरी तुम्ही जाळल्या. उरलेल्या कुणी जाळल्या? आता सायकलवर बसा. तुम्ही थांबलात की तीही थांबते."

साहेब तावातावाने सायकलवर बसले. जरा वेळात त्यांना अशी धाप लागली की तोंडातून शब्द फुटेना.

"हीच घेऊ," मंदाताई म्हणाल्या, "आणि यापुढे मीटिंगला चेअरमनची खुर्ची म्हणून हीच ठेवू."