राहीला ठाऊक होतं

फार फार पूर्वीची गोष्ट. मुलांनो, तुम्ही तर ऐकाच, पण मोठ्यांनीही जरा कान द्यावा.

डोंगरापलीकडच्या एका राज्यात, रानाच्या कडेला एक गाव होतं. तिथले गुरुजी मुलांना रान शिकवत. कोणता पाला औषधी, कोणतं फळ विषारी. मूल अडखळलं की ते म्हणत, "घाई नाही. तुला येतंय." आणि मुलाला खरंच यायचं. राही नावाची मुलगी त्यांत सगळ्यांहून तरबेज. डोळे मिटून, नुसत्या वासावरून ती झाडपाला ओळखायची.

एकदा राजधानीतून एक पंडित शाळा पाहायला आले. त्यांनी एका वेलीचं संस्कृत नाव विचारलं. गुरुजींना ते सांगता आलं नाही. पंडित मुलांदेखत हसले. "अशा माणसाला शिकवायला बसवलं तरी कोणी?" एवढं बोलून ते निघून गेले.

त्या दिवसापासून गुरुजी खचले. ठाऊक असलेलंही चाचरत सांगू लागले. मुलांनी उत्तर दिलं की म्हणत, "नक्की का? आधी पोथीत पाहू." उत्तर बरोबर निघालं, तरी त्यांचा चेहरा साशंकच राहायचा.

हळूहळू मुलांनी बोलणंच सोडलं. उत्तर ओठांवर आलं, तरी राही मान खाली घालायची.

श्रावणात तिच्या आईने रानातून अळंबी आणली. राही टोपलीत डोकावली. देठाला कडं होतं आणि बुंधा फुगलेला. ती विषारी होती.

"आई, ही अळंबी..."

"काय गं?"

"काही नाही."

आपल्याला काय कळतंय, असं तिला वाटलं. भूक नाही असं सांगून ती जेवली नाही. आई जेवली. तिसऱ्या दिवशी आई गेली.

गुरुजी भेटायला आले. त्यांनी हलकेच विचारलं, "पोरी, ती अळंबी तुला ओळखू आली नव्हती?"

"आली होती," राही म्हणाली. "पण पोथी जवळ नव्हती."

गुरुजींनी घरी जाऊन पोथी बांधून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ठाम आवाजात शिकवायला घेतलं. मुलं नुसती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. राही शाळेत परत आली नाही. आणि पुढे त्या गावाला रानाचंच भय बसलं. फळांनी झाडं वाकलेली असायची, आणि खाली माणसं उपाशी.

तात्पर्य : गुरूचा स्वतःवरचा विश्वास उडाला की शिष्याचाही उडतो, आणि तो परत आणायला कधी कधी जन्मही पुरत नाही.