भागोजीच्या पोटाचं विरजण

एका गावात एक भोळा माणूस राहायचा. तो स्वतः फारसं बोलायचा नाही, पण त्याचं पोट फार बोलायचं. नाव भागोजी. मेव्हण्याचं लग्न जवळ आलं तेव्हा बायको चंद्रा म्हणाली, "माहेरच्या पंगतीत तुमच्यामुळं माझी शोभा झाली, तर मी परत यायची नाही."

भागोजी घाबरून डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी समजावलं की पोटात चांगले जंतूही राहतात, ते कमी झाले की पोट कुरकुरतं. रोज दही खा, दही म्हणजे पोटाचं विरजण.

भागोजी घरी आला. कोमट दूध प्यायला, वर चमचाभर दही खाल्लं आणि पोटाला गोधडी गुंडाळून निजून राहिला. म्हैस ओरडली तरी हलला नाही. हललं तर दही कसं लागणार? चंद्रानं गोधडी ओढली. पोटात गेलेलं हिंडवायचं असतं, म्हणाली.

मग तिनं माहेरी न्यायला गाडग्यात दूध विरजलं. गाडग्यालाही पोट असतंच. भागोजीनं ते कडेवर घेऊन गावभर हिंडवलं. निम्मं रस्त्यावर सांडलं, निम्मं सदऱ्यावर. घरात विरजणालाही दही उरलं नाही. चंद्रानं कपाळावर हात मारला. म्हणाली, आता ज्याच्याकडं चांगलं लागतं त्याच्याकडं वाटी घेऊन जा आणि न लाजता मागा.

पोट काही गप्प बसेना. भागोजी पुन्हा बाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, दही, भाकरी, पालेभाजी खा आणि धीर धरा. संशोधन चालू आहे. मोठ्या इस्पितळात काही रोग्यांच्या पोटात धडधाकट माणसाच्या पोटातले जंतू तपासून सोडतात.

"ते मिळतात कशातून?"

बाई खोकल्या. "शौचातून. पण ते तुमच्यासाठी नाही."

शेवटचं वाक्य ऐकायला भागोजी थांबला नव्हता.

लग्नाच्या पंगतीत सासरे लाडवांवर लाडू हाणत होते. त्यांचं पोट अगदी मुकं. भागोजी वाटी घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिला.

"मामा, तुमचं छान लागलेलं दिसतंय. थोडं विरजण द्या."

"दही होय? आत माग की."

"दही नको. तुम्ही सकाळी परसाकडं जाता ना, त्यातलं चमचाभर."

सगळी पंगत भरल्या पानावरून उठली. चंद्रा रडत म्हणाली, "माझ्या भावाच्या लग्नावर विरजण घातलंत. मी आता इथंच राहणार."

भागोजीचा चेहरा उजळला. त्यानं मांडवातली सतरंजी ओढून तिला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं.

"राहा. पण हलू नकोस. सकाळपर्यंत लागेल."