कौलगणित

करोनाच्या लाटेत गावात रोज कुणाचं तरी दहावं असे, तरी देवस्थानचे अध्यक्ष दाजी तावडे जत्रेवर अडून बसले. गुरवाने देवीला कौल लावला. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार, ही गावची रीत. उजवं पडलं आणि दाजी गरजले, "जितकी गर्दी जास्त, तितका आजार कमी!"

गणिताच्या मुणगेकरबाई कंटाळून एवढंच म्हणाल्या, "याला कौलगणित म्हणतात. उत्तर आधी ठरतं, आकडे मागनं येतात." शब्द गावभर झाला.

चिडलेल्या दाजींनी बाईंना देवळात बोलावलं. "माफी मागा! देवीपुढे कुणाला काही होत नाही!"

बाई नुकत्याच एका मयतावरून आल्या होत्या. वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यांनी पदरात तोंड घातलं आणि नुसत्या खोकल्या.

दाजी एका उडीत देवीच्या डाव्या हाताला, खांबाआड!

बाई हळूच पायरीवर टेकल्या. "गुरवकाका, या वेळी डावं पडलं बघा. फूलही चांगलं वजनदार आहे. सांगा आता लोकांना, जत्रा नाही."