मुहूर्ताचा टाका उसवण्याबाबत

विषय : महाराज सोमकेतू यांनी स्वहस्ते घातलेला मुहूर्ताचा टाका उसवण्यास परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : महाराणी कमळजा यांचा अर्ज.

उपरोक्त विषयाची हकीकत येणेप्रमाणे.

एका राज्यात एक राजा होता आणि तो झोपलेला होता. राजाने झोपणे हा काही गुन्हा नव्हे. पण हा राजा कापसाच्या वेचणीला झोपला तो आंब्याला मोहोर आला तरी उठेना, तेव्हा लोकांच्या लक्षात आले.

झोपण्यापूर्वी महाराज सोमकेतूंना मुहूर्तांची फार हौस होती. पहिला दगड, पहिली कुदळ, पहिली नांगरट, जे जे पहिले ते महाराजांच्या हातचे. दुसऱ्याला त्यांना वेळ नसे. त्यामुळे राज्यात कोनशिला पुष्कळ होत्या आणि इमारती बेताच्या. नदीवर पुलाची एक कमान उभी होती. लोक संध्याकाळी तिच्यावर जात, वारा खात आणि आले त्याच वाटेने परत येत.

राज्याच्या सीमेवरच्या रानात वाकळाई नावाची चेटकीण राहत असे. तिने महाराजांसाठी गोधडी शिवली. राज्यातल्या प्रत्येक घरातून एकेक तुकडा आणला, थर लावले, धावदोऱ्याने सारे पक्के केले. तिच्याखाली झोपणाऱ्याला स्वप्नात घराघरातले बोलणे ऐकू येई, अशी ती गोधडी होती. वाकळाई ती घेऊन दरबारात आली आणि म्हणाली, काठ तेवढा बाकी आहे, तो इथेच बसून लावते.

महाराज म्हणाले, काठाचा पहिला टाका आमचा.

राजज्योतिषांनी बोटांवर मोजून ईशान्येचा कोपरा काढून दिला. सोन्याचा दोरा आला. वाकळाई म्हणाली, "कोपऱ्यात नको, महाराज. आणि पट्टीचं टोक..." पुढे ती आणखी काही सांगत होती; पण तेवढ्यात चौघडा सुरू झाला. शेजारी बसलेल्या राणी कमळजेला तिचे ओठ हललेले दिसले, ऐकू काही आले नाही. महाराजांनी पट्टीचे टोक थेट कोपऱ्यावर ठेवले, टाका घातला, वर भक्कम गाठ मारली. दरबाराने मान डोलावली.

चौघडा थांबल्यावर वाकळाईने आपली सुई पदराला टोचली. "या गोधडीला काठ लागेपर्यंत तिच्याखालच्या झोपेलाही काठ असणार नाही," असे म्हणून ती निघून गेली. दरबाराला हे कारागिराचे नेहमीचे रुसणे वाटले. महाराज समारंभाने दमले होते. त्यांनी गोधडी अंगावर ओढली.

मग उघड्या कडांतून झोप बाहेर झिरपू लागली. आधी पलंगाशेजारचे चवरीवाले पेंगले, मग दारावरचे पहारेकरी, मग हत्तीखान्यातले हत्ती. दफ्तरखान्यात ती कोणत्या दिवशी पोहोचली हे सांगता येत नाही. कामकाजात फरक पडला नाही. पण काळजीने राणीचा डोळा लागत नव्हता; तिची नजर दुसरीकडेच होती. महाराजांच्या एका श्वासापासून दुसऱ्या श्वासापर्यंतचे अंतर वाढत चालले होते. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि सांगितले की हे असेच चालले, तर एक श्वास असा जाईल की त्याच्यामागून दुसरा यायचा नाही. एवढे सांगून तेही नाडी हातात धरूनच झोपले.

राणी उठली आणि रानाकडे निघाली. वाटेत शापित खजिना लागला. त्यावरचा नाग फणा काढून आडवा आला. राणीने त्याला आपले काम सांगितले. खजिन्यासाठी न आलेले माणूस त्याने पूर्वी पाहिले नव्हते. त्याने वाट सोडली.

वाकळाई दारात बसून सुपारी कातरत होती.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होतात?"

"सांगितलं होतं. मी एकच गोष्ट दोनदा सांगत नाही."

"ऐकू आलं नाही."

"वाजवायला मी लावलं नव्हतं."

तरी तिने राणीला रिकाम्या हाताने पाठवले नाही. तिरपी कापलेली लांबच लांब पट्टी दिली, सुई दिली, आणि पाने शिवून घरटे करणारी एक शिंपीण पक्षीण दिली. शिंपीण अंगठ्याएवढी होती आणि बोलत असे. निघताना वाकळाई म्हणाली, "काठ लावताना तीन चुका तुझ्या होतील. चौथी तुझी नसेल. निस्तरायची मात्र तुलाच."

राणीने आजवर सुई हाती धरली होती ती पायातला काटा काढायला. ती महालात आली, महाराजांच्या टाक्याने अडकलेल्या टोकाला आपली पट्टी जोडली आणि पलंगाच्या कडेने शिवत निघाली. काम नीटनेटके दिसावे म्हणून तिने पट्टी चांगली ताणून धरली. दोन बाजू झाल्या, तशा गोधडीच्या कडा वर उचलल्या, मधला भाग खोल गेला. गोधडी आखडली तसे महाराजही आखडले; गुडघे हनुवटीला लागले, आणि ते कण्हू लागले.

"बाईसाहेब," शिंपीण पलंगाच्या दांडीवरून म्हणाली, "महाराजांना द्रोणात वाढायचं आहे का?"

राणीने सारे उसवले.

दुसऱ्या वेळी तिने पट्टी सैल सोडली. काठाला चुण्या पडल्या, लाटा उठल्या. महाराज झोपेतच या कुशीवरून त्या कुशीवर लोळू लागले आणि अखेर पलंगावरून खाली आले. चार दासींची झोपमोड करून त्यांना वर ठेवावे लागले. झालर घागऱ्याला बरी दिसते, एवढेच शिंपीण बोलली. राणीने पुन्हा उसवले. उसवताना तिच्या ध्यानात आले की पट्टी ओढायची नाही आणि ढकलायचीही नाही. ती आपल्या वजनाने जिथे पडेल तिथे पडू द्यायची आणि सुईने तिच्या मागून जायचे. राणीपदावर आल्यापासून कोणाच्या मागून जाण्याचा तिचा हा पहिलाच प्रसंग होता.

तिसऱ्या वेळी बाजू सरळ आली, पण कोपऱ्यावर ती न थांबता तशीच वळली. कोपऱ्यात कापडाचा गोळा झाला. तिकडे महाराजांचे कोपर दुमडले ते उलगडेना. राणीने सुई भिंतीवर फेकली. मग ती शोधायला तिला दिवा घेऊन ओणवे व्हावे लागले.

"सापडली का?" शिंपिणीने विचारले.

"तुला दिसत होती ना?"

"दिसत होती. बाईसाहेबांचा राग उतरायची वाट पाहत होते."

राणीने कोपरा उसवला. या खेपेस कडेच्या थोडे अलीकडे थांबली, पट्टी वर दुमडली, पुन्हा खाली आणली, आणि नव्या बाजूला लागली. कोपरा टोकदार बसला. महाराजांचे कोपर सुटले. असे तीन कोपरे झाले आणि राणी चौथ्याशी, ईशान्येच्या कोपऱ्याशी आली.

तिथे महाराजांचा टाका होता.

तिच्या हातात पट्टीचे शेवटचे टोक, समोर सोन्याच्या दोऱ्याने खिळलेले पहिले टोक, आणि मध्ये चार बोटांची फट. त्या फटीतून झोप धुरासारखी वर येत होती. राणीने एक टोक दुसऱ्यावर चढवले. उंचवटा झाला आणि सकाळपर्यंत आपोआप उसवला. आत दुमडून पाहिले, तेही उसवले. वरून ठिगळ लावले. ते गळून पडले. आता महाराजांच्या दोन श्वासांमध्ये राणीचे पाणी पिऊन होई.

खिडकीबाहेर शिंपीण घरटे शिवत होती. पानाच्या दोन्ही कडा तिने जवळ आणल्या, एकमेकींना जोडल्या, आणि मगच पान फांदीला घट्ट केले.

"आधी एक कड फांदीला का बांधली नाहीस?" राणीने विचारले.

"मग दुसरी कड तिच्याकडे कशी आली असती?"

राणीला चौघड्याखाली हललेले ओठ आठवले. पट्टीचे टोक मोकळे सोडा, असे वाकळाई म्हणत होती. आरंभाचे टोक मोकळे असेल तरच शेवटचे येऊन त्याला मिळते. महाराजांनी आरंभ गाठ मारून पक्का करून ठेवला होता.

परंतु राजहस्ताचा टाका राजाज्ञेवाचून उसवणाऱ्याला हद्दपारीची शिक्षा होती. राणी दफ्तरखान्यात गेली. सारे दफ्तर डोके टेकून झोपले होते. दफ्तरदार नरहरपंत तेवढे जागे होते. त्यांना निद्रानाशाचा जुना विकार होता. राणीने अर्ज पुढे केला. नरहरपंतांनी तो उभ्याने वाचला.

"यावर महाराजांची आज्ञा लागेल."

"महाराज झोपले आहेत."

"उठल्यावर घेऊ."

"टाका निघाल्याशिवाय ते उठणार नाहीत, पंत."

नरहरपंतांनी विचार केला. मग अर्जावर आवक शिक्का मारला. "निर्णय होईपर्यंत टाक्याला हात लावू नये, असं मला सांगावं लागतं."

"सांगितलंत."

"सांगितलं," नरहरपंत म्हणाले. मग शिक्का खाली ठेवून म्हणाले, "महालाच्या खिडकीतून नदीचं पाणी किती चढलंय ते पाहायचं काम बरेच दिवस राहिलं आहे. आजच उरकतो." आणि ते राणीच्या मागून महालात आले, खिडकीशी जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. नदीला त्या दिवसांत पाणी नव्हते.

राणीने सुईच्या टोकाने गाठ सोडली. सोन्याचा दोरा सरसर निघाला, शिंपिणीने तो चोचीत धरून घरट्यात नेऊन टाकला. लगेच उघड्या कोपऱ्यातून झोपेचा लोंढा आला. राणीच्या पापण्या जड झाल्या, बोटे सुटू लागली. आता झोपले तर दोघेही गेलो, हे तिला कळत होते. शिंपीण कानाच्या पाळीला टोचत होती, ते पुरेना. तेव्हा राणीने जागे राहण्यासाठी महाराजांशी भांडायला घेतले.

पंगतीत पहिला घास घेऊन उठून गेलेल्या जेवणांपासून तिने आरंभ केला. मग अर्ध्यावर ऐकून सोडलेल्या फिर्यादी काढल्या, खणून कोरड्या ठेवलेल्या विहिरी काढल्या, पूल काढला. लग्नात सातव्या फेऱ्याला महाराज कोणाला तरी नमस्कार करायला वळले होते, तेही काढले. बोलता बोलता तिने दोन्ही टोके हातात घेतली, तिरपी एकमेकांवर ठेवली, आधी एकमेकांनाच शिवली आणि पट्टी काठावर पसरली. झोपेच्या लोंढ्यात पट्टीला पीळ पडला होता.

राणी क्षणभर गप्प झाली. ती गप्प होताच झोप तिच्या खांद्यावर आली.

"बाईसाहेब, भांडा," शिंपीण म्हणाली.

राणीने जोड उसवला, पीळ काढला, आणि पुन्हा आरंभ केला. "सारा जन्म मी तुमच्या अर्ध्या वाक्यांची बाकीची अर्धी बोलत आले," ती म्हणाली. "आज हे टोक जुळलं नाही तर मी बोलायची कोणाशी?" टोके जुळली. जोड उलगडून तिने पट्टी कडेवर ठेवली. ती तंतोतंत बसली. शेवटचे चार टाके राणीने डोळे मिटलेले असताना घातले. ते इतरांपेक्षा थोडे वाकडे आहेत, आणि आजही दाखवले जातात.

महाराजांनी श्वास घेतला. त्याच्यामागून लगेच दुसरा घेतला. मग डोळे उघडले.

"राणीसाहेब, पुलाचं काय म्हणालात?"

"अर्धा आहे म्हटलं."

"ते ऐकलं. त्याच्यापुढचं?"

"ते न ऐकलेलं बरं."

"ऐकलं," महाराज म्हणाले. "गोधडी ऐकवते. सबंध राज्य तेच म्हणत होतं. तुम्ही जरा मोठ्यानं म्हणालात."

शाप उतरला. पहारेकरी जागे झाले, हत्ती उभे राहिले, राजवैद्यांनी हातातली नाडी पुढे मोजायला घेतली. दफ्तरखानाही यथावकाश जागा झाला. पट्टी मागच्या बाजूला दुमडून तुरपाई करायची राहिली होती. राणीने सुई महाराजांच्या हातात दिली आणि सांगितले की ही तुम्ही करा, आणि शेवटपर्यंत करा. महाराजांचा अंगठा अनेकदा टोचला. त्यांनी ती पुरी केली. त्यानंतर पुलाची दुसरी कमान, चौघडा न वाजवता, सुरू झाली. हल्ली लोक पलीकडे जातात, आणि तिथे पाहण्यासारखे काही नाही अशी तक्रार करतात.

अर्जाविषयी. नरहरपंतांनी तो महाराजांपुढे ठेवला. महाराज म्हणाले की टाका आमचा आणि जीवही आमचाच वाचला, तेव्हा निर्णय आम्ही देणे योग्य दिसणार नाही. अर्ज अभिप्रायासाठी राजज्योतिषांकडे गेला. त्यांनी कळवले की मुहूर्त उसवण्याचा मुहूर्त पंचांगात आढळत नाही; मूळ दोरा पाहून सांगता येईल. दोरा शिंपिणीच्या घरट्यात शिवलेला आहे. तिच्याकडे विचारणा केली असता, पिल्ले उडाल्यावर पाहू, असे तिने सांगितले. तिची पिल्ले दर साली उडतात आणि दर साली नवी येतात.

निर्णय होईपर्यंत राणीची हद्दपारी अमलात आणता येत नाही. ती रात्री त्याच गोधडीखाली झोपते आणि सकाळी उठते.

अर्ज प्रलंबित आहे.