मातीखालचे फूल

एकदा एका गुरुकुलाच्या मुगाच्या शेतात केना माजला. खुरपून खुरपून हात भरून आले, तरी दोन-चार सरी पडल्या की तण पुन्हा हजर आणि त्याची निळी फुलेही. वर्षाचे वरण त्या मुगावरच अवलंबून. तेव्हा थोरल्या शिष्याने नियमच घातला: रोज सकाळी प्रत्येकाने आपल्या वाफ्यातली केन्याची सगळी फुले खुडून देवाला वाहायची. फूल नाही तर बी नाही, आणि बी नाही तर केना नाही!

पावसाळाभर देव निळा होऊन गेला. पुढच्या वर्षी केना तेवढाच उगवला. मार्तंड नावाच्या मुलाच्या वाफ्यात जरा जास्तच.

"यानेच फुले सोडली, गुरुजी!" थोरला शिष्य संतापला. "याला घालवा. तोवर पंगतीत तरी बसवू नका."

"मी एकही सोडलं नाही," मार्तंड म्हणाला. कोणी ऐकले नाही. तो ओसरीच्या टोकाला एकटा जेवायला बसला, तर गुरुजीही आपले ताट उचलून त्याच्याशेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी चाळलेली माती कुंडीत भरली, केन्याचे रोप लावले आणि कुंडी शिष्याच्या हाती दिली. "सांभाळ. हे सुकलं की मार्तंडाचं ठरवू."

शत्रूला पाणी घालायचे? गुरुजी नेमके कोणाच्या बाजूचे? शिष्य पार गोंधळून गेला. तरी त्याने पाणी घातले आणि उमललेले प्रत्येक फूल खुडले. रोप सुकताच कुंडी घेऊन तो धावत आला. "पाहा! एकही बी धरू दिलं नाही. मनात आणलं तर जमतं."

गुरुजींनी कुंडी पालथी केली. मातीत फिकट दांड्या होत्या, आणि त्यांवर बियांनी भरलेली बोंडे.

"हे कसं? मी एकही सोडलं नाही!" शिष्य म्हणाला आणि मार्तंडाचेच शब्द आपल्या तोंडून ऐकून थबकला.

"केन्याला मातीच्या आतही फूल येतं, बाळ. ते ऊन पाहत नाही, उमलत नाही, तरी बी धरतं. तुला दिसलं ते निळं तू खुडलंस. जे दिसलं नाही, त्याचा दोष माणसावर टाकलास."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू मार्तंडाचा दुसरा दोष शोधला असतास."

त्या दिवशी शिष्य ताट घेऊन ओसरीच्या टोकाला गेला. मार्तंडाने सरकून जागा केली.

"काय रे, तुझ्याही हातून फूल सुटलं वाटतं?"

"सुटलं," शिष्य म्हणाला, आणि खाली बसला.