दोन स्टेपन्या

वॉर्डातल्या रस्त्यांचं कंत्राट घरातच ठेवणारे नगरसेवक खिलारेसाहेब वहिनीसाहेबांना शेजारी बसवून नव्या स्पोर्ट्स कारने आमच्या टायरच्या दुकानापाशी आले. हॉर्न असा वाजला, की माझ्या हातातला पाना माझ्याच पायावर पडला.

"स्टेपनीने डिकी भरते, मग सत्काराच्या शाली कुठं ठेवू? पंक्चर किट आम्हाला शोभत नाही. टायर पंक्चर होणारच नाही असं लिहून दे पोरी, नाहीतर उद्या दुकानाला कुलूप!"

बाबा घामाघूम. मी पावतीच्या मागे लिहिलं, "फक्त साहेबांनी बांधलेल्या रस्त्यांवर चालवल्यास पंक्चर होणार नाही."

साहेबांनी जमलेल्या गर्दीसमोर ते ऐटीत मोठ्याने वाचलं आणि आवाज एकदम खाली आला.

"स्टेपनी टाक. दोन टाक."

एक डिकीत गेली, दुसरी शेजारच्या सीटला पट्ट्याने बांधली. वहिनीसाहेब रिक्षाने घरी गेल्या.